एक पदवी, तीन देश: सार्वजनिक आरोग्य शिकायला बाहेर पडण्यापूर्वी

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की विचारणा सुरू होते. मुलगी बीडीएस झालेली असते, मुलगा बीएएमएस करून एखाद्या संस्थेत काम करत असतो, कुणी नर्सिंगची पदवी घेतलेली असते. सार्वजनिक आरोग्य शिकायला बाहेर जायचं हे ठरलेलं असतं, आणि दोन-तीन देशांत मिळून पुरा होणारा एखादा अभ्यासक्रम सापडलेला असतो. मग प्रश्न येतात. पदवी नेमकी कुठल्या देशाची? व्हिसा किती वेळा काढायचा? ही पदवी भारतात चालेल का? हावड्या-कोलकात्यातल्या मराठी घरांत यात आणखी एक गुंता असतो. पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, पासपोर्टवर पत्ता साँत्रागाछीच्या रेल्वे वसाहतीचा, आणि शिष्यवृत्ती कुठल्या राज्याकडे मागायची याचा पत्ता नाही. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. यातलं बरंचसं पुण्या-नागपूरच्या वाचकांनाही तितकंच लागू आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग देश

देशांची यादी घेऊन सुरुवात करू नका. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीने तुम्हाला परदेशात डॉक्टरकीचा परवाना मिळत नाही, भारतातही नवा अधिकार मिळत नाही. ही पदवी एका रुग्णावर उपचार करायला शिकवत नाही. एका वस्तीत, एका कारखान्यात, एका जिल्ह्यात लोक का आजारी पडतात आणि ते कसं थांबवायचं, हे ती शिकवते. तुमच्याकडे तसा प्रश्न नसेल, तर तीन देश फिरूनही हातात गुणपत्रकापलीकडे फारसं काही पडणार नाही.

हावड्याहून लोकलने अर्ध्या तासावर श्रीरामपूर आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी तिथे राहत होत्या, कारण गोपाळरावांची टपाल खात्यातली नोकरी तिथे होती. फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे लोकांना सांगितलं, आणि एप्रिलमध्ये कोलकात्याहून जहाज धरलं. त्यांचं कारण नेमकं होतं: या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. आज अर्जासोबत जे उद्देशपत्र मागतात, त्यात याहून वेगळं काही अपेक्षित नसतं.

पुढची उदाहरणंही तेच सांगतात. रजनीकांत आणि मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला काम उभं केलं. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ मध्ये तिथलीच पदवी घेतली आणि गडचिरोली गाठलं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. या दोन्ही जोडप्यांनी खेड्यातलं काम आधी पाहिलं होतं. विद्यापीठात ते उत्तर शोधायला गेले.

तुम्ही हावड्यात असाल तर प्रश्न दाराशीच आहेत. बेलिलियस रोड आणि दासनगरच्या बाजूला लहान लहान कारखाने आहेत. पावसाळ्यात डेंग्यू येतो. बंगालच्या भूजलातल्या आर्सेनिकचा आजार १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या डॉ. के. सी. साहा यांनी ओळखला, आणि तो विषय अजून संपलेला नाही. १९३२ मध्ये सुरू झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ कोलकात्यात आहे, आणि तिचं ग्रामीण केंद्र हुगळी जिल्ह्यात सिंगूरला आहे. बाहेर जाण्याआधी ही ठिकाणं पाहून या. शक्य असेल तर एखाद्या प्रकल्पात काही महिने काम करा. आणि या हायजीन इन्स्टिट्यूटमधली पदवी हाही एक खरा पर्याय आहे, तो नुसता कमी खर्चाचा म्हणून बाजूला सारू नका.

उद्देशपत्रातलं ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी असं काही लिहिता येतं का पाहा: ‘ओतकामाच्या कारखान्यात रोज वाळूची धूळ श्वासात घेणाऱ्या कामगारांची छातीची तपासणी कुणाची जबाबदारी आहे, आणि कंत्राटी कामगार तिच्यातून का सुटतात, हे मला शोधायचं आहे.’ निवड समितीसमोर मुलाखत झाली तर पुढचे सगळे प्रश्न या एका वाक्यातून निघतील, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे असतील.

बहुदेशीय अभ्यासक्रमांचे प्रकार

- इरास्मस मुंडस संयुक्त पदवी. युरोपीय संघाच्या पैशाने चालणारे, बहुधा दोन वर्षांचे आणि १२० क्रेडिटचे अभ्यासक्रम. सार्वजनिक आरोग्यातलं ठळक नाव म्हणजे युरोपबहेल्थ. फ्रान्समधल्या रेन शहरातली ईएचईएसपी ही संस्था त्याचा समन्वय करते. ग्रनाडा, क्राकूव्ह, मास्ट्रिख्ट, शेफिल्ड इथल्या संस्था वेळोवेळी त्यात भागीदार राहिल्या आहेत. पहिलं वर्ष एका देशात आणि दुसरं दुसऱ्या देशात, अशी रचना असते. भागीदार बदलतात, म्हणून जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेला मार्ग तुमच्या वर्षी असेलच असं धरू नका.
- ट्रॉपएडचं जाळं. आंतरराष्ट्रीय आरोग्याची ६० क्रेडिटची पदवी. पायाभूत भाग एका संस्थेत, पुढचे विषय जाळ्यातल्या इतर संस्थांत, मग प्रबंध. बर्लिन, बाझल, ॲमस्टरडॅम अशी केंद्रं यात आहेत. नोकरी सांभाळत तुकड्यातुकड्यांनी पुरी करता येते, हा तिचा मोठा फायदा.
- एका देशाची पदवी आणि दुसऱ्या देशात क्षेत्रकार्य. पदवी एकाच विद्यापीठाची. प्रबंधासाठी तुम्ही आफ्रिकेत, आशियात किंवा थेट भारतात येऊ शकता. कागदांचा ताप यात सगळ्यात कमी.

माझं मत स्पष्ट आहे. पदवी हातात पडून वर्षही झालं नसेल आणि शिष्यवृत्ती मिळत असेल, तर पहिला प्रकार. पाच-सहा वर्षं काम झालं असेल आणि घरची जबाबदारी असेल, तर दुसरा. प्रश्न भारतातलाच असेल, तर तिसरा. तीन देश पाहायला मिळतील एवढ्यासाठी स्वतःच्या पैशाने पहिला प्रकार निवडू नका.

अर्ज करण्याआधी समन्वयक संस्थेला दोन गोष्टी ईमेलने विचारा. शेवटी एक संयुक्त प्रमाणपत्र मिळतं, की प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं? आणि त्यावर कुठल्या देशाच्या सरकारची मान्यता असते? उत्तर जपून ठेवा. परतल्यावर समकक्षतेसाठी ते लागेल.

भाषेबद्दलही विचारा. वर्ग इंग्रजीत असला, तरी ग्रनाडातल्या आरोग्य केंद्रात समोरची आजी स्पॅनिशच बोलणार. फ्रान्सकडे जाणार असाल, तर कोलकात्यात आलियाँस फ्राँसेज आहे. सहा महिने आधी नाव घाला.

पैसा: शिष्यवृत्ती, कर्ज आणि त्यातली मेख

इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळते, आणि शिष्यवृत्तीधारकाला शुल्क द्यावं लागत नाही. प्रवास, व्हिसा, घर हे सगळं या १४०० मध्येच बसवायचं असतं. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात आणि वर्ग पुढच्या सप्टेंबरात सुरू होतात. जर्मनीची डीएएडी ही संस्था काही शिष्यवृत्त्यांसाठी कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागते. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्ती तीन वर्षांचा मागते. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती हा भारतातला भरवशाचा पर्याय आहे.

सरकारी शिष्यवृत्त्यांत दोन जागी लोक अडकतात.

पहिली जागा क्रमवारीची. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, या योजना जागतिक क्रमवारीतल्या स्थानावर पात्रता ठरवतात. आणि सार्वजनिक आरोग्याच्या कितीतरी उत्तम संस्था एकाच विषयाच्या असल्यामुळे क्यूएसच्या एकूण क्रमवारीत दिसतच नाहीत. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन हे त्याचं ठळक उदाहरण. बहुदेशीय अभ्यासक्रमात तर एक भागीदार यादीत असतो आणि दुसरा नसतो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात ओळ न ओळ वाचा आणि विभागाकडून लेखी खुलासा घ्या.

दुसरी जागा रहिवासाची. महाराष्ट्राच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आडनाव मराठी, दहावीला मराठी घेतलेलं, गावी आजोबांचं घर, याने अधिवास सिद्ध होत नाही. वडिलांची नोकरी साउथ ईस्टर्न रेल्वेत आणि तुमचं सारं शिक्षण हावड्यात झालं असेल, तर तिकडे वेळ घालवू नका. पश्चिम बंगालमध्ये दहा वर्षं राहिल्याचा पुरावा असेल, तर इथल्या सरकारचं स्टुडंट क्रेडिट कार्ड तुमच्यासाठी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वयाच्या ४० वर्षांपर्यंत १० लाखांपर्यंत कर्ज ४ टक्के सरळ व्याजाने मिळतं आणि परदेशातलं शिक्षणही त्यात बसतं. कोलकात्यातली कितीतरी मराठी कुटुंबं ही योजना फक्त बंगाली मुलांसाठी आहे असं समजून बसलेली असतात. तसं नाही. भाषेची अट तिच्यात नाही.

कर्ज आणि पैसे पाठवणं याबद्दल एवढं लक्षात ठेवा:

- साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. काही नामांकित विद्यापीठांसाठी सूट असते. तुमच्या अभ्यासक्रमातली सगळी विद्यापीठं बँकेच्या यादीत आहेत का, ते शाखेतून लिहून घ्या.
- १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेल्या वर्षाच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस हा कर कापला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो लागतच नाही. कापला गेलाच, तर विवरणपत्र भरताना तो वळता करून मिळतो.
- कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खालची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत.
- देश बदलतो त्या महिन्यात दोन घरांचा खर्च अंगावर येतो. जुन्या घराची अनामत परत यायला वेळ लागतो, नव्या घराची आधी भरावी लागते. दोन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय निघू नका.

नाव आणि कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं नाव छापलेलं असतं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि तुमचं नाव दुसऱ्यात, कधी वडिलांच्या नावासकट, कधी त्याच्याशिवाय. लग्नानंतर पासपोर्ट नवा काढला असेल, तर दोन्ही नावं बदललेली. युरोपातला कारकून हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि त्याला तीन माणसं दिसतात. पहिल्या देशात हे प्रेमाने समजावून सांगता येतं. दुसऱ्या देशात बँक खातं, विमा, निवास परवाना या प्रत्येक खिडकीवर पुन्हा समजवावं लागतं.

म्हणून निघण्याआधी:

- सगळ्या नावांचा उल्लेख करून ही एकच व्यक्ती असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करून घ्या.
- प्रत्येक ऑनलाइन अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, गुणपत्रकावरचं नाही.
- जन्मदाखला ग्रामपंचायतीचा मराठीत किंवा महापालिकेचा बंगालीत असेल, तर इंग्रजी प्रत मागून घ्या.
- पदवी आणि गुणपत्रकांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं काम कोलकात्यातही होतं, पण त्याआधीची राज्याची साक्षांकनाची पायरी साधारणपणे पदवी ज्या राज्याची त्याच राज्यात होते. नाशिकची पदवी घेऊन कोलकात्यात फेऱ्या मारू नका. गावी जाल तेव्हा हे काम आधी उरका.
- लसीकरणाची नोंद इंग्रजीत घ्या. आरोग्य केंद्रात क्षेत्रकार्य असेल, तर हिपॅटायटिस बी आणि गोवराच्या लशीचा पुरावा मागतात.
- आयईएल्टीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो. फार आधी देऊन ठेवू नका.

एजंटाबद्दल थोडक्यात. बरेच एजंट विद्यापीठांकडून दलाली घेतात, आणि ती देणाऱ्या विद्यापीठांचीच नावं तुमच्यासमोर ठेवतात. संयुक्त अभ्यासक्रमाचा अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता आणि भरावा.

देश बदलताना

‘शेंगेन व्हिसा आहे, म्हणजे युरोपभर चालतो’ हा समज घेऊन अनेक जण निघतात. एका देशाच्या विद्यार्थी परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. सत्रभर शिकायला ते पुरत नाही.

युरोपीय संघाच्या २०१६ च्या विद्यार्थी निर्देशानुसार, अभ्यासक्रम संघाच्या योजनेतला असेल किंवा दोन संस्थांमध्ये करार असेल, तर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं. तो देश त्यासाठी आगाऊ सूचना मागू शकतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत. ब्रिटन तर संघातच नाही, तिथे स्वतंत्र व्हिसा, क्षयरोगाची तपासणी आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. जानेवारी २०२४ पासून तिथल्या वर्गाधारित मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलं नेता येत नाहीत. लग्न झालेल्यांनी हे देश निवडतानाच विचारात घ्यावं.

- दुसऱ्या देशाचा अर्ज करताना पहिल्या देशाचा परवाना चालू असला पाहिजे. तो संपला, तर बहुतेक वेळा भारतात येऊन नव्याने सुरुवात करावी लागते.
- फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे राहिलं, तर पुढचं सगळं अडतं.
- जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. शिष्यवृत्तीमुळे त्यातून सूट मिळते का, ते आधी तपासा.
- फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनची कार्यालयं कोलकात्यात आहेत, प्रत्येक देशाचं नाही. तुमची फाइल कुठे जाणार, हे पत्त्यावर ठरतं. पासपोर्टवर पुण्याचा पत्ता आणि राहायला हावड्यात, अशी स्थिती असेल तर आधी पत्ता दुरुस्त करा.

तुमचे हक्क

परदेशी गेल्यावर आपण पाहुणे, असं मानून मुलं गप्प बसतात. हे हक्क मागायला संकोच करू नका.

- इरास्मस मुंडसमध्ये प्रवेश घेताना विद्यार्थी करार होतो. शुल्क, शिष्यवृत्ती, नापास झाल्यास काय, मार्ग बदलता येतो का, हे त्यात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी पूर्ण वाचा, न कळलेलं विचारा.
- इरास्मस मुंडसमध्ये विमाही अभ्यासक्रमाकडूनच मिळतो. दाताचे उपचार आणि मानसिक आरोग्य त्यात कितपत येतं, ते पहिल्याच आठवड्यात पाहा. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायला लागतो, तेव्हा मानसिक आरोग्याच्या मदतीची गरज अनेकांना लागते आणि ती लागण्यात कमीपणा काही नाही.
- वर सांगितलेल्या युरोपीय निर्देशानुसार विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १५ तास काम करता येतं. फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास, जर्मनीत वर्षाला पूर्ण वेळेचे १४० दिवस. त्याहून जास्त काम केलं, तर परवान्यावर गदा येते.
- पदवीनंतर काम शोधायला किमान नऊ महिने राहण्याची तरतूद त्याच निर्देशात आहे.
- परवाना नाकारला, तर कारणांसह लेखी उत्तर मिळण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे. मुदत लहान असते, पत्र हातात पडलं त्याच दिवशी समन्वयक संस्थेला कळवा.
- घरमालक, विद्यापीठ किंवा कार्यालयाशी वाद चिघळला, तर भारतीय दूतावासाकडे मदत पोर्टलवरून तक्रार नोंदवता येते. प्रत्येक नव्या देशात पोचल्यावर दूतावासात नोंदणी करा.

परत आल्यावर

भारतात सरकारी नोकरी, अध्यापन किंवा पीएचडीसाठी परदेशी पदवीची समकक्षता लागते. हे काम पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ करत असे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी नवे नियम काढले, आणि आता अर्ज यूजीसीच्या पोर्टलवर होतो. संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त आहे का आणि प्रवेशाच्या अटी इथल्याशी मिळत्याजुळत्या होत्या का, हे पाहिलं जातं. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी जुलै २०२२ चा भारत-ब्रिटन सामंजस्य करार उपयोगी पडतो. स्वयंसेवी संस्थांत, संशोधन प्रकल्पांत आणि आंतरराष्ट्रीय संघटनांत समकक्षता सहसा कुणी विचारत नाही. तिथे तुमचा प्रबंध आणि क्षेत्रकार्य वाचलं जातं.

त्यामुळे शेवटचा देश सोडण्याआधी पुढचे कागद हातात घ्या. एकदा परतलात की प्रत्येक विद्यापीठाला वेगळं पत्र लिहीत बसावं लागतं, आणि तुम्हाला ओळखणारी व्यक्ती तोवर तिथे नसते.

- प्रत्येक विद्यापीठाचं स्वतंत्र गुणपत्रक, क्रेडिट आणि तासांसह.
- अभ्यासक्रमाचं विषयवार वर्णन, संस्थेच्या शिक्क्यासह.
- किती भाग वर्गात आणि किती ऑनलाइन झाला, याचं पत्र.
- पदवीचं पुरवणीपत्र, ज्यात तिची पातळी आणि मान्यता लिहिलेली असते.
- प्रत्येक देशात राहिल्याचे परवाने, व्हिसा आणि प्रवेशाचे शिक्के, सगळ्यांच्या प्रती.
- एक वर्षापेक्षा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. पुढे तिसऱ्या देशात नोकरीला जाल तेव्हा हे हमखास मागतात, आणि ते तिथे असतानाच काढणं सोपं जातं.